बाराव्या पानावरची ओळ

आई, तुला वाचता येत नव्हतं, तरी तुलाच लिहितेय. दुसऱ्या कुणाला लिहायचं म्हटलं की आधी अक्षर नीट काढावंसं वाटतं, आणि मग खोटंच लिहिलं जातं.

झालं काय, गेल्या महिन्यात ऑफिसात एक बाई अर्ज घेऊन आली आणि मी तिच्यासमोरच हमसून रडायला लागले. कारण विचारशील तर काही नाही. घरीही तेच. मेथी निवडतेय आणि डोळ्यांना धारा. शेवटी मुलीनं डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, रोज दहा मिनिटं वहीत लिहा, मनात येईल ते. मी म्हटलं, एवढंच ना! अख्खी नोकरी लिहिण्यात गेली माझी. अकरा दिवस झाले आता. अकराही पानांवर एकच ओळ आहे, 'आज सर्व ठीक.' हात पुढं सरकतच नाही. मेली ती वही मिटून ठेवते. शनिवारी त्या विचारतील, काय काय लिहिलं, तेव्हा मी काय सांगू?

ही ओळ कुठली ते मला ठाऊक आहे. मी चौथीत आहे. तू भिंतीला टेकून बसलीयस, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात विडीची पानं. एरवी विड्या वळताना तुझी बोटं दिसायची नाहीत. हल्ली मात्र एकेक विडी अर्धीच हातात राहते. माझ्या पाठच्या तान्ह्या बाळाला जाऊन दोन महिने झालेत. अप्पा म्हणतात, "किती दिस रडायचं माणसानं?" म्हणून तू मला निळं आंतरदेशीय पत्र आणायला लावतेस आणि करमाळ्याच्या मामाला लिही म्हणतेस. "लिही, बाळ गेल्यापासनं माझं हितं सोलापुरात मन लागंना. हात चालंनात. माझंच मला लई भ्या वाटतंय. दादा, येऊन घेऊन जा मला."

मी लिहिलं, 'इकडील सर्व ठीक. आपली खुशाली कळवावी.' शाळेत बाईंनी तसंच शिकवलं होतं, पत्रात रडगाणं नको, वाचणाऱ्याच्या जिवाला घोर लागतो. पण बाईंवर कशाला ढकलू? तू गेलीस तर परत यायची नाहीस, असं वाटलं मला. तू म्हणालीस, "वाच की एकदा." मी पत्र समोर धरलं आणि तू सांगितलेलं सगळं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. पाठच होतं. "लई ब्येस लिवतीस गं बाय," म्हणत तू माझ्या डोक्यावरून हात फिरवलास. त्या हाताला तंबाखूचा वास होता.

मग तू वाट बघायला लागलीस. कडी वाजली की सूप खाली ठेवायचीस. मामाचं उत्तर आलं, खुशाली वाचून आनंद झाला म्हणून. मी वाचून दाखवलं, मामाला सध्या सवड नाही. "व्हय, असंल की त्येला काम," एवढंच म्हणालीस. पुन्हा कुणाला पत्र लिही म्हणून सांगितलं नाहीस, आणि बोलणंही कमी कमी होत गेलं. सहा वर्षांनी एका तापाचं निमित्त झालं आणि तू गेलीस. मामा धाय मोकलून रडत होता, "एवढी वाळली ही, मला एका शब्दानं कळवायचं न्हाय व्हय?" मी त्याला पाणी नेऊन दिलं.

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आज दुपारी ओट्याशी उभी राहून बाराव्या पानावर लिहिलं, 'माझ्याच्यानं होत नाही. मला कुणीतरी घेऊन जा.' तुझंच मागणं ते, इतक्या वर्षांनी कागदावर उतरलं. मग त्याच्याच पुढच्या पानांवर हे पत्र लिहायला घेतलं. पाठवणार कुठं? आणि पोचलं तरी तुला वाचून दाखवायला मीच लागणार. माझ्यावर तू कशाला भरवसा ठेवशील?

आत्ता मुलगी स्वयंपाकघरात आली होती. वही बघून तिला इतकं बरं वाटलं! "लिहितेयस? बघू, वाचून दाखव की आई."

मी बारावं पान समोर धरलं आणि वाचलं, "आज सर्व ठीक."