धापेचे गुण

ति. मामा,

नमस्कार. गुडघा कसा आहे? मामी जिना चढू देत नसणार आणि ती झोपली की तुम्ही चढत असणार, तेव्हा खरं ते कळवा. आम्ही मजेत. (मजेत म्हणजे, एवढं लिहिताना मी उठून खिडकीशी जाऊन आले. हल्ली एका जागी बसवत नाही.)

झालं असं की आमचे पीटीचे सर शिडीवरून पडले, आणि मोठ्या बाईंनी सातवीचा पीटीचा तास माझ्या, म्हणजे गणिताच्या बाईच्या, गळ्यात मारला. शिट्टी फुंकली तर नुसती हवा. तेही जमवलं असतं, पण श्रेणी द्यायच्या होत्या. नवा नियम असा, की कोण किती जोरात धावतं ते बघायचं नाही (मुलं खट्टू होतात), प्रत्येकाने किती प्रयत्न केला ते बघायचं. पटलं मला. पण प्रयत्न मोजायचा कशाने? गणितात मुलं पायऱ्या तरी लिहितात. शेवटी मी ठरवलं, घाम आणि धाप. जो दमला त्याने प्रयत्न केला. स्वतःच्या हुशारीचं मला कोण कौतुक वाटलं.

मुलांना हे उमगायला एक तास पुरला. पोरं नळाखाली डोकी ओली करून यायला लागली. एक नाटक्या अर्धी फेरी चालून असा कोसळला की मी घाबरून त्याला वहीने वारा घातला आणि अ दिला. आणि वर्ग जिला चिमणी म्हणतो ती मुलगी सगळ्यांच्या आधी पोचून, ना घाम ना धाप, बुटाची नाडी बांधत विचारते, "बाई, अजून एक मारू?" मला वाटलं, अंगचोर आहे. दिला क.

तेव्हापासून ती शेवटी येते. कंबरेवर हात, तोंड उघडं. रडली नाही, भांडली नाही. मी चूक कबूल केली, क खोडून अ केला, तर म्हणाली, "मग आता असंच धावायचं ना?" शुक्रवारी शाळेच्या संघाची निवड आहे. मला फार वाईट वाटतंय, मामा. मामीला नमस्कार.

तुमची,
भाची

ता. क. खरं काम राहिलंच. तुम्ही आयुष्यभर मैदानावर मुलं पळवलीत. शुक्रवारी येऊन तिला समजावाल का? माझ्यावर तिचा विश्वास नाही.

पुन्हा ता. क. पाकीट बंद करायचं राहिलं होतं ते बरं. आज शाळा सुटल्यावर तिला पटवायला मी स्वतः एक फेरी धावले आणि बाकावर आडवी झाले. चिमणी पार टोकाच्या नळावरून पाणी घेऊन आली, मला नीट श्वास घेता यायच्या आत. म्हणाली, "बाई, तुम्हाला अ." मी हसून बघतच राहिले. मी बघतेय हे तिच्या लक्षात आलं, तशी ती कंबरेवर हात ठेवून धापा टाकायला लागली.

शुक्रवारची वाट बघू नका. पत्र मिळताच या.