गाठोड्यात बांधलेला आवाज

महाळुंगे,
१२ ऑक्टोबर २०२५

चि. अवधूत यास आजीचे उदंड आशीर्वाद.

पत्र मोनिका लिहितीये, वरच्या खोलीतली भाडेकरीण. तिला म्हणलं, मी बोलते तसंच लिही, शहाणपणा करू नको. तू फोन उचलत न्हाईस, म्हणून ही कागदाची वाट. तुझं माण काय काशी हाय व्हय, इतकं लांब? पण टपालानं पत्र आलं म्हणून तुझी अख्खी कंपनी हसू दे.

दसऱ्याला माझा फोन भरला म्हणून तू तुझ्या बापाचं बोलणं लॅपटॉपात नेलंस. जायच्या आधी दवाखान्यात शेखर माझ्याच फोनात बोलला होता. त्याचा फोन सारखा वाजायचा. तू म्हणालास, दाबून लहान करतो, चार ठिकाणी ठेवतो, म्हंजी हरवायचं न्हाई. मी म्हणलं, माझ्या लेकाला दाबू नको बाबा, आधीच वाळून गेलेला. हसलास, फोन रिकामा करून दिलास नि गेलास. बोलणं काही परत आलं न्हाई.

शुभदा शाळेवर शिकवायला गेली की मी ते ऐकायचे. तिनं, तुझ्या आईनं, एकदाही ऐकलेलं न्हाई. वर्षश्राद्ध झालं की ऐकेन म्हणती, तोवर धीर होत न्हाई. श्राद्धाचा कार्तिक तोंडावर हाय. लवकर पाठव.

रागावले असले तरी तुझीच,
आजी अंबुबाई


माण,
१७ ऑक्टोबर २०२५

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मोनिकाताईंनी आई शाळेत असताना वाचून दाखवावं.

आजी, बाबांचं बोलणं माझ्या हातून गेलं. म्हणून फोन उचलत नव्हतो.

आम्ही काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून फायली बांधतो, दाबतो, परत उघडतो. 'टार' नावाचं एक साधन आहे. त्याला आधी गाठोड्याचं नाव सांगायचं, मग आत काय घालायचं ते. मी घाईत बाबांच्या फाइलचं नाव आधी लिहिलं. त्यानं त्या फाइललाच गाठोडं समजून आतलं सगळं पुसलं आणि तिथं रिकामं गाठोडं बांधलं. आत घालायची वस्तू सापडत नाही, अशी एक ओळ आली, तोवर होऊन गेलं होतं. हे साधन 'नक्की का?' असं विचारत नाही. मी ते गाठोडं पुन्हा पुन्हा उघडलं. आत काही नाही.

आणि फोन मी आधीच रिकामा केला होता. आधी गाठोडं उघडून बघा, मग मूळ पुसा, असं नव्या पोरांना मीच शिकवतो.

एक जण पुसलेल्या फायली शोधून देतो. त्याच्याकडे लॅपटॉप दिला आहे. तुझा फोनही पाठव, आणि त्यात नवं काही घेऊ नकोस. आईला इतक्यात सांगू नकोस.

तुझ्या पायांशी,
अवधूत


महाळुंगे,
२५ ऑक्टोबर २०२५

चि. अवधूत यास आशीर्वाद.

फोन मोनिकाच्या नवऱ्याच्या, जयसिंगच्या हाती धाडलाय. त्याचा टेम्पो तिकडं येतो.

एवढं शिकलास, नि कणगी आधी मांडायची का धान्य आधी ओतायचं, हे तुला कुणी सांगितलं न्हाई? माझ्याकडं यायचं होतंस. हसलास का जरा? हस.

पण नवं काही घेऊ नको म्हणालास, त्याला उशीर झाला. फोन मोकळा दिसला म्हणून मी कीर्तनं भरली. शेजारच्या गिरजाबाईच्या नातवाचं बारसं सबंध उतरवलं. नवं आलं की जुन्याच्याच जागंवर बसतं, हे मोनिकानं काल सांगितलं. मला कळायला हवं होतं म्हणा. आपल्या वावरावर कंपनीची शेड बसली, तवापासून आपला बांध कुठं होता ते मला दाखवता येत न्हाई.

यंदा दिवाळी झालीच न्हाई आपल्याकडं. शुभदानं कानात घालायची नवी बोंडं आणलीत, नीट ऐकू यावं म्हणून. मला दाखवली. मी म्हणलं, छान हायेत. दुसरं काय म्हणू?

जेवत जा.
आजी


माण,
४ नोव्हेंबर २०२५

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

लॅपटॉपमधून काही निघालं नाही. तुझ्या फोनातून एक तुकडा निघाला. पंख्याची घरघर आहे आणि कुणीतरी खोकतं. बाबा की शेजारच्या खाटेवरचे, ते मला ओळखता आलं नाही. त्या माणसानं दोन्ही वस्तू परत दिल्या, आता कुणाकडे नेऊ नका म्हणाला.

श्राद्धाला येतो. आईला मीच सांगेन. पण तू ते रोज ऐकलंस, तुला तोंडपाठ असेल. निदान शब्द तरी तिला सांगशील ना?

तुझा,
अवधूत


महाळुंगे,
१६ नोव्हेंबर २०२५

चि. अवधूत यास आशीर्वाद.

आईला सांगितल्यावर तू श्राद्धाच्या ताटावरून उठून गेलास ते बरं केलं न्हाईस. आईनं तुला एका शब्दानं टोकलं न्हाई, म्हणून गेलास ना? चार शिव्या दिल्या असत्या तर थांबला असतास.

तू गेल्यावर तिनं भांडी आवरली नि माझ्यापाशी येऊन बसली. मी एकेक सांगत गेले. विहिरीची मोटार दुरुस्त करा म्हणाला, आईच्या, म्हंजी माझ्या, डोळ्याचं ऑपरेशन उरका म्हणाला, अवधूतच्या लग्नाची घाई करू नका म्हणाला. ती मान हलवत ऐकत राहिली. मधी एकदा म्हणाली, ते असं बोलत न्हाईत, हे तुमचं बोलणं झालं. खरंय. शब्द माझ्याच तोंडातनं येणार.

मग तिनं विचारलं, माझ्याशी काय बोलले?

अवधूत, मला ठाव न्हाई रं. आता शुभदाशी बोलतो, असं तो शेवटाला म्हणायचा, नि तिथं मी दर वेळी फोन कानावरनं खाली ठेवायचे. नवरा-बायकोचं बोलणं, सासूनं कसं ऐकावं? आवाज थांबला की उचलायचे.

तसंच सांगितलं तिला. ती म्हणाली, बरोबर केलंत तुम्ही. नि उद्याची शाळेची पिशवी भरायला उठली.

माया आटू देऊ नको.
आजी अंबुबाई
(निशाणी अंगठा)