मडके कोणाच्या हाती

तीर्थस्वरूप द्वारकाआत्या,

वडीलधाऱ्यांच्या गोष्टीत तोंड घालून लिहिते आहे, याची क्षमा असावी.

बाबांची तिरडी उठताना काकांनी आमच्या धर्माच्या हातातले अग्नीचे मडके हिसकावून स्वतःच्या मुलाला दिले. "रक्ताचा न्हाय तो," म्हणाले. अंगणात तुम्हीही होतात. तोंडाशी पदर धरून उभ्या राहिलात. त्याच दुपारी धर्मा घर सोडून गेला.

काल तो मिठागरातल्या झोपडीत सापडला. पंधरा वर्षांचे पोर, मिठाने पाय चिरलेले. भाकरीला हात न लावता म्हणाला, "ताय, मंग मी कोनाचा?"

"माझा भाऊ."

"त्ये नको सांगू. माजी आय कोन?"

व्हर्नाक्युलर फायनलच्या परीक्षेत पहिली आलेली मी नुसती भाकरी पुढे सरकवत राहिले. आईने झाकले, बाबांनी झाकले, मीही झाकत आले. आता त्राण उरलेले नाही. लग्नाआधी तुम्हाला झालेले मूल आईने आपले म्हणून वाढवले, हे त्याला सांगितले. तो बराच वेळ रडला, मग भाकरी खाल्ली.

तुम्हाला आधी कळवावे म्हणून हे लिहायला बसले. पण पत्र वाचून तुम्ही दार लावून घ्याल, अशी भीती वाटते. त्यामुळे हे माझ्याजवळच राहील. पत्राऐवजी त्यालाच तुमच्याकडे, वसईच्या होडीत बसवून दिले आहे.

आपली भाची,
मंजुळा

राई, ता. ९ फेब्रुवारी १९३८. होडी सुटली तेव्हा सकाळचे सात वाजले होते.