डावीकडं ओढणारी गाडी

अब्बा,

परवा नातवानं दुधाची पिकअप दारात उभी केली आणि आत येता येता म्हणाला, "दादी, गाडी डावीकडं ओढतीय. हात जरा सैल सोडला की सरळ खड्ड्यात." दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्यानं ती कसल्याशा मशीनवर चढवली आणि तासाभरात नीट करून दिली. नातू ते विसरूनही गेला. माझ्या मनातून मात्र ते जाईना. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मनातल्या मनात मी तुमच्याशी किती बोलले असेन, पण मालकाच्या त्या गाडीचा विषय एकदाही काढला नाही. आज लिहिते.

जर्मनीची लढाई चालू होती, पेट्रोल मिळत नव्हतं, टायर तर डोळ्यांना दिसतही नव्हते. मुरूम गावातले आपले मालक ज्वारी-तुरीचे आडते. कपाळावर विभूती, मुनिमाशी कानडीत बोलायचे, तुमच्याशी मराठीत. त्यांनी सोलापुराहून एक जुनी मोटार आणली. तुम्ही तिची मागची बाजू कापलीत, बाभळीच्या फळ्या ठोकून ती माल भरण्याजोगी केलीत आणि मागं डाव्या अंगाला कोळशाची भट्टी बसवलीत. त्या भट्टीच्या गॅसवर गाडी चालायची. चालवायला तुमचे जावई. त्यांची शिफारस तुम्हीच केली होती. आठवड्यातून तीन खेपा, नळदुर्गावरून सोलापूर, निजामाच्या हद्दीवर करोडगिरीच्या नाक्यावर माल उघडून दाखवायचा आणि परत. आमचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. माझं घर तुमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडं, म्हणून अम्मी गेल्यापासून तुमची दुपारची भाकरी मीच मालकाच्या गाडीच्या शेडवर आणायचे.

त्या दिवशी मी भाकरी घेऊन येते तर तुम्ही गाडीपुढं उकिडवे बसलेले, आणि हे बाजूला उभे. तुम्ही विचारता, "कवापासून ओढतीय?" हे म्हणतात, "चार दिस झाले असतील. भट्टीचं वजन डाव्या अंगाला हाय, त्यानंच असंल." तुम्ही मान हलवता, पण व्हय म्हणत नाही. मला म्हणता, "भाकरी ठेव बेटा, हात काळे हायेत." मग पुढची दोन्ही चाकं काढून इकडचं तिकडं घालता आणि यांना शेडपुढच्या मैदानाला एक फेरी मारायला लावता. गाडी डावीकडंच जाते. हे उतरल्या उतरल्या तुम्ही दोन्ही चाकांच्या ड्रमांना तळहाताची मागची बाजू लावून बघता, ब्रेक एका अंगाला घासतोय का म्हणून. दोन्ही सारखेच कोमट. मग चौघांना हाताशी घेऊन ती भट्टीच उतरवता. जपून ठेवलेल्या थोड्या पेट्रोलवर दुसरी फेरी. तरीही गाडी डावीकडंच. यांचा चेहरा तेव्हा कसा झाला होता ते मी पाहत होते. तुम्ही पाहिलं होतं का, ते मला आजही ठाऊक नाही.

भाकरी वाळून गेली. तुम्ही मला सुतळी धरायला लावलीत. एक टोक पुढच्या चाकाच्या मधोमध मी धरलेलं, दुसरं मागच्या चाकाशी तुमच्या हातात. उजवीकडं सुतळीला गाठ मारलीत आणि तीच सुतळी डावीकडं आणलीत. गाठ मागच्या चाकाच्या दोन बोटं पलीकडं गेली. डाव्या अंगाला पुढचं चाक मागं सरकलं होतं. तुम्ही गाडीखाली शिरलात, बराच वेळ नुसते तुमचे पाय दिसत होते, आणि बाहेर आलात तेव्हा तुमच्या मुठीत बोल्टाचा अर्धा तुकडा होता. स्प्रिंगचे पाटे आणि चाकांचा आक्सल एकमेकांना धरून ठेवणारा बोल्ट तुटला होता.

एवढ्यात मालक आले. त्यांची तुरीची खेप सोलापूरला वेळेवर पोचली नव्हती, तिकडच्या व्यापाऱ्यानं सौदा मोडला होता, आणि मुनीम, हमाल, भट्टी उतरवायला आलेली माणसं, सगळे तिथंच होते. मालक म्हणाले, "हे पाटे गेल्या महिन्यात कुणी चढवले? तुम्हीच ना मिस्त्री? मग बोल्ट ढिला सोडलात म्हणायचा." तुम्ही म्हणालात, "बघून सांगतो मालक." ते म्हणाले, "आता काय बघायचं ऱ्हायलंय? हात थरथरायला लागले म्हातारपणी, हे आधी सांगायचं. माणसं मेली असती उतारावर." तुम्ही बोल्टाचा तुकडा उन्हात धरून फिरवून फिरवून पाहत राहिलात. तुमच्याशी कुणी अशा आवाजात बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. मी वाळलेली भाकरी परत फडक्यात बांधली आणि घरी आले.

दिवस मावळायच्या आधी तुम्ही माझ्या चुलीपाशी येऊन बसलात. हे घरी नव्हते. तो तुकडा तुम्ही माझ्यासमोर धरलात. "हे तोंड बघ. ढिला बोल्ट घासत घासत तुटतो, तोंड काळं पडतं. हे कसं उजळ हाय. एका दणक्यात तुटलाय." मी काटवटीत पीठ मळत राहिले. मग तुम्ही हळू विचारलंत, "गाडी कुठं आदळली का बेटा? तुला काय बोलला का त्यो?"

आदळली होती, अब्बा. पाच दिवसांपूर्वी नळदुर्गाच्या अलीकडं भर दुपारी यांचा डोळा लागला आणि डावं चाक रस्त्याच्या मोरीच्या दगडावर गेलं. घरी येऊन यांनी मला सगळं सांगितलं होतं, हात धरून सांगितलं होतं की मालकाला कळलं तर गाडी जाईल आणि पुन्हा कुणी चालवायला देणार नाही. ते खोटारडे नव्हते. घाबरले होते.

मी म्हणाले, "न्हाय अब्बा. मला काय बोलले न्हाईत."

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. रागानं नाही. लहानपणी मला ताप आला की पाहायचात, तसं. मग म्हणालात, "बरं," आणि उठलात. मी जेवून जा म्हणाले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मालकासमोर उभे राहून म्हणालात, "चूक माझीच. बोल्ट ढिला ऱ्हायला." हे मला यांनीच येऊन सांगितलं, आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. नवा बोल्ट घालून, आक्सल जागेवर आणून, पुन्हा सुतळी लावून दोन्ही अंगं सारखी भरल्यावरच तुम्ही शेड सोडलीत, असंही त्यांनी सांगितलं. महिन्याभरात तुम्ही आपल्याच जिल्ह्यातल्या वाशीला गेलात, विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करायला. मी विचारलं तर म्हणालात, तिकडं काम लई हाय. तिकडून दोनदा आलात. दोन्ही वेळा यांच्याशी नीट बोललात, गाडीची चौकशी केलीत. तेच मला सोसलं नाही.

मग निजामाचं राज्य जायचे ते दिवस आले. रस्ते बंद, कोण कुठं आहे कळत नव्हतं, आम्हीही दार लावून बसलेलो. तुमच्या तापाची बातमी आली नाही, एकदम तुम्ही गेल्याची, चाळिसावाही होऊन गेल्याचीच आली. त्या संध्याकाळी हे उंबऱ्यावर बसले होते. म्हणाले, "अब्बांना ठाऊक होतं." मी म्हणाले, "व्हय." पुढं पंचवीस वर्षं आम्ही संसार केला, चार लेकरं वाढवली, पण त्यावर आमचं एवढंच बोलणं झालं.

हे मी मराठीत लिहितेय. मराठी मी लेकरांच्या पुस्तकांवरून शिकले. तुम्हाला ती बोलता यायची, वाचता येत नव्हती. घडी घालून कागद पेटीत ठेवीन, कुणाला दाखवणार नाही.

एक राहिलं. यांची नोकरी जाईल, चूल बंद पडेल म्हणून मी खोटं बोलले, असं मी आयुष्यभर स्वतःला सांगत आले. ते अर्धंच खरं आहे. तुम्ही आम्हाला उपाशी ठेवलं नसतं, हे मला त्या चुलीपुढंही कळत होतं. पण गावात मोटार चालवणारा एकच माणूस होता आणि मी त्याची बायको होते. विहिरीवर गेले की माझ्याहून मोठ्या बायका बाजूला सरून मला आधी पाणी भरू द्यायच्या. ते मला फार आवडायचं, अब्बा.