प्रादुर्भाव: निरंक

३ तारीख, सोमवार
पोहोचले एकदाची! बेटभर माडच माड. घरातली पहिली पदवीधर, आणि पहिलीच नेमणूक अशी हिरवीगार. आई गल्लीभर सांगत सुटली असेल, आमची लेक झाडांची डॉक्टर झाली. बाबांनी बजावलंय, तिकडचं एक रोप पाठव, दारात लावू. माझा कीड-तपासणीचा अहवाल झाला की शुक्रवारी रोपांची बोट सुटेल. खोलीत लोखंडी खाट, टेबल, खिडकीसमोर रोपवाटिका. मुकादम थट्टेखोर आहे. म्हणाला, ताई, झाडं खुशाल तपासा, पण खोडाला कान लावू नका, त्यांना गुदगुल्या होतात. दोघंही पोट धरून हसलो.

४, मंगळवार
कोवळ्या पानांना कात्रीनं कापल्यासारखे त्रिकोणी काप. शेंड्यात भोकं, भोकांतून चोथा बाहेर आलेला. गेंड्या भुंगा, शंकाच नको! आधीच्या निरीक्षकबाईंनी मात्र ‘प्रादुर्भाव’ या रकान्यात दर महिन्याला एकच शब्द लिहिलाय: निरंक, म्हणजे कीड नाहीच. इतकी डोळेझाक? त्या आता कुठे असतात विचारलं, तर मुकादम म्हणाला, कुठे जाणार, हे बेट सुटत नाही कुणाला. मी ठळक अक्षरांत ‘गंभीर’ लिहिलं. एकही रोप जाऊ देणार नाही.

५, बुधवार
खातरजमा म्हणून खोडाला कान लावलाच. आत करकर, करकर. परतून वही उघडली. ‘गंभीर’च्या जागी ‘निरंक’. अक्षर माझंच.
जाब विचारायला गेले. मुकादम खुर्चीत डुलकी घेत होता. टोपी घसरलेली. कानाच्या पाळीला त्रिकोणी काप. वाकून छातीला कान लावला. छातीत ठोके नाहीत, नुसती करकर. डोळे न उघडताच म्हणाला, सांगितलं होतं ना ताई, कान लावू नका.

६, गुरुवार
फोन लागत नाही. कोऱ्या कागदावर चार वेळा ‘गंभीर’ लिहिलं. चारही वेळा ‘निरंक’ उमटलं.
उशीवर चोथा. उजव्या कानाशी. दुखत मात्र काहीच नाही —

७, शुक्रवार
बोट लागली. पहिल्या रांगेत बाबांचं रोप.
त्याला चिठ्ठी बांधली — बाबा, लावू नका, जाळून टाका. बांधल्यावर वाचली — बाबा, रोप छान आहे, दारातच लावा.
मुकादम अहवाल मागतोय. हसतोय. हात माझा, पण आतून कुणीतरी —
प्रादुर्भाव: गं
नाही, गं, गंभी —
प्रादुर्भाव: निर