पिस्टनवरचा बाण

मी, खाली सही करणारा, वय अडुसष्ट, दुचाकी दुरुस्त करणारा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाचाही दबाव नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. अक्षर हलतं आहे ते आनंदाने, वयाने नव्हे. उद्या कोणी त्यावरून वाद काढू नये. सोमवारी माझ्या पोटाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, साधंच आहे. मीही गिऱ्हाइकांना जन्मभर असंच सांगत आलो, म्हणून लिहून ठेवलेलं बरं.

१. याआधीचं मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात "धाकट्या बहिणीला गॅरेजमधला खिळाही देऊ नये" असं वाक्य होतं. ते लिहिणारा माणूस गाढव होता आणि तो मीच.

२. राहतं घर बायकोचं, तिच्यानंतर मुलाचं. बँकेतली शिल्लक दोघांची निम्मी निम्मी. मुलाने हत्यारांना हात लावू नये. त्याला पाना आणि पकड यांतला फरक कळत नाही आणि त्याचं त्याला काही वाटतही नाही. माणूस म्हणून तो सोन्यासारखा आहे, हेही इथेच नोंदवतो.

३. आता मुख्य गोष्ट. तीस वर्षांपूर्वी डोंगरातल्या मातीच्या शर्यतीत बहीण माझी छोटी गाडी चालवत होती. शेवटच्या फेरीत ती सगळ्यांच्या पुढे होती. जिंकली असती तर गाड्या बनवणाऱ्या कंपनीच्या संघात तिची जागा पक्की होती. चढावर इंजिन खाडकन बंद पडलं. मी सगळ्या मैदानासमोर ओरडलो, "नको तितकी रेस पिळून मशीन मारलंस." ती म्हणाली, "दादा, मी मर्यादेतच होते. एकदा उघडून तर बघ." मी उघडलं नाही. गाडी जिन्याखाली ढकलली, वर ताडपत्री टाकली. तिला पुन्हा कोणी गाडी दिली नाही, कारण सख्ख्या भावानेच तिला नापास केलं होतं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

गेल्या आठवड्यात बायको म्हणाली, "अहो, ते धूड एकतर चालू करा, नाहीतर माझ्या शिलाई मशीनला जागा द्या." बसलो उघडायला. हेड उतरवलं. पिस्टनच्या माथ्यावर एक बाण असतो. तो सायलेन्सरच्या बाजूला हवा. हा कार्बोरेटरकडे होता. पिस्टन मीच बसवला होता, शर्यतीच्या सकाळी, घाईघाईत. असा उलटा पिस्टन संथ चालीत निभावून नेतो; पूर्ण वेग घेतला की मोठा वॉल्व पिस्टनवरच्या लहान वॉल्वच्या खाचेवर आपटतो. आपटल्याची चंद्रकोर पिस्टनवर स्वच्छ उमटली होती. वॉल्व वाकला होता.

मी फरशीवरच बसकण मारली. लाज वाटली, पण खरं सांगतो, त्याआधी मला हसू फुटलं. माझी बहीण खरं बोलत होती. तिने काहीच बिघडवलं नव्हतं. एवढा आनंद मला मुलगा झाला तेव्हा झाला होता, त्यानंतर आत्ताच.

४. म्हणून सगळी हत्यारं, कोणालाही हात न लावू दिलेल्या टॉर्क पान्यासकट, आणि ती गाडी धाकट्या बहिणीला. नवा पिस्टन, रिंगा, वॉल्व आणले आहेत. ब्लॉक समोरच्या लेथवाल्याने बोअर करून दिला. त्याच्याकडे माझा मापं घ्यायचा व्हर्नियर सहा वर्षं पडून आहे, तोही बहिणीचा. साक्षीदार म्हणून तो हे वाचणारच आहे. इंजिन माझ्या हातून अर्धवट राहिलं तर पिस्टनच्या पिनचं लॉक बसवताना ते आत पडू नये म्हणून इंजिनाच्या खालच्या तोंडात फडकं कोंबावं, रिंगांची तोंडं एका रेषेत ठेवू नयेत, बाण सायलेन्सरकडे ठेवावा आणि किक मारण्याआधी इंजिन हाताने दोन फेरे फिरवावं. हे तिला शिकवायची गरज नाही. मला स्वतःलाच एकदा लिहून काढायचं होतं.

५. माझ्या मृत्यूनंतर पहिल्या शर्यतीच्या दिवशी, त्याच मैदानात, कलम तीन माइकवर मोठ्याने वाचावं. जुना पिस्टन टेबलावर ठेवावा. ज्याला बघायचा त्याने बघावा.

६. वरचं सगळं लिहून झाल्यावर काल बहिणीला फोन केला, म्हणून हे कलम आज वाढवतो आहे. ती सकाळी आली. जुना पिस्टन हातात घेऊन तिने त्या चंद्रकोरीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "बाह्या वर कर." दुपारपर्यंत आम्ही दोघांनी इंजिन बांधलं. हेडचे बोल्ट तिने कसले. मी नुसते पाने देत होतो आणि त्यात मला कमीपणा वाटला नाही. तिसऱ्या किकला इंजिन लागलं आणि मला रडू आवरेना, हे बायकोने पाहिलं आहे.

पण मी माफी मागायला लागलो तशी तिने हात वर करून थांबवलं. हे कागद मागून घेतले, उभ्या उभ्या वाचले. म्हणाली, "तू गेल्यावर कोणीतरी माइकवर वाचणार, त्याचं मी काय करू? तिथे ओरडला होतास तू. रविवारी शर्यत आहे, ऑपरेशन सोमवारी." आणि माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं.

खाडाखोडीची नोंद: कलम पाचमधले "माझ्या मृत्यूनंतर पहिल्या शर्यतीच्या दिवशी" हे शब्द खोडून "येत्या रविवारी, मी स्वतः" असे केले आहेत, "वाचावं"च्या जागी "वाचीन" केलं आहे. अक्षर बहिणीचं, बाजूची सही माझी. ती लाभार्थी असल्यामुळे साक्षीदार नाही.

स्थळ: गॅरेजमधलं बाकडं
शुक्रवार, तारीख नऊ, दुपारचे चार

लिहून ठेवणार: (सही)

आमच्यासमोर सही झाली. कलम पाचची दुरुस्ती आम्ही वाचली. रविवारी आम्हीही मैदानात येणार आहोत.
साक्षीदार: समोरचा लेथवाला (सही)
साक्षीदार: शेजारच्या औषधाच्या दुकानाच्या मालकीणबाई (सही)