काळ्या कापडाखालचा पाहुणा

धाकटी बहीण रूथ हिस,

थोरल्या डेझबाकडून तुझ्या गुडघ्यांची, तुझ्या मेंढ्यांची आणि तुझ्या उरलेल्या दातांची मायेने विचारपूस. (वाचून दाखवणाऱ्याने उजव्या बाजूला बसावं, डाव्या कानाने ती फक्त तिला हवं तेवढंच ऐकते.) मी बरी आहे. नात व्हर्लिंडा हे लिहून घेते आहे, तिचं बाळ पाळण्याच्या फळीवर बांधलेलं माझ्या मागापाशी टेकलं आहे आणि छताकडे बघत काही विचार करतं आहे.

तू मागे आलीस तेव्हा बाळ झोपलंय असं आम्ही सांगितलं. ते जागं होतं. आता रागावून उपयोग नाही. बाळाला पहिल्यांदा जो हसवील त्याचा स्वभाव बाळाला लागतो, त्यानेच मग सगळ्यांना जेवण घालायचं, हे आपल्या आईनेच आपल्याला सांगितलं. आणि तू कॉफीत साखर घालताना चमच्यातली निम्मी परत डब्यात झटकतेस, हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक आहे. तेव्हा या पोरीला कोण हसवणार, या काळजीने मी अर्धी झाले होते. सगळ्यांना मेंढरांसारखं दाराबाहेर हाकत होते.

त्यात तो एमेट आला. प्रवासाच्या पुस्तकासाठी फोटो काढतो. बिचारा सभ्य आहे, पण त्याला आमचं घर हवं आणि घरातलं काही नको. पिकअप बाजूला घ्या म्हणाला, घेतला. निळी बादली हलवा म्हणाला, हलवली. मग माझा गॉगल काढा म्हणाला, तेव्हा मी व्हर्लिंडाकरवी कळवलं की आता एवढं काढलंच आहे तर म्हातारीही काढा. पुस्तकात माहिती लिहायला समोरच्या खडकाचं नाव विचारलं. मी म्हटलं, खडक. त्याने ते लिहून घेतलं.

पण रूथ, हा माणूस वाट बघायला बसतो तसं मी कुणाला बसलेलं पाहिलं नाही. खडकावर त्याला हवा तो उजेड पडेपर्यंत सकाळपासून नुसता बसून. ढगाची सावली वाळूवरून चालत येते, खडकाच्या पायाशी थांबते, अंगावर चढते, निघून जाते. तो हलत नाही. मी मागावर, तो कॅमेऱ्यामागे, मध्ये बाळ. एकदा तर मी विणायची थांबले ते ऊन मांडीवरून उतरून गेलं तरी कळलं नाही. तांबडा धागा हातात तसाच.

मग तो उजेड आला. एमेट कॅमेऱ्याचं काळं कापड डोक्यावर घेऊन कॅमेऱ्याला चिकटला, आणि आपली काणी शेळी मागून येऊन त्या कापडाचा काठ खाऊ लागली. आपल्या भाषेतले दोनच शब्द त्याला येतात. तो आतूनच म्हणाला, “आजी, थांब.” शेळीने ओढलं. तो आणखी गोड आवाजात, “आजी, थांब.” बाळ खदखदून हसलं. व्हर्लिंडा ओरडली, एमेट कापड-कॅमेऱ्यासकट वळला, बटण दाबलं गेलं, उजेड गेला. खडकाचा फोटो नाहीच. बाळाचा आहे, शेळीच्या शिंगासह.

जेवण तुम्हाला घालावं लागणार, असं सांगितल्यावर त्याने डोळे पुसले. मेंढी कुठे मिळते ते विचारतो आहे.

तुझी,
डेझबा

ता. क. शनिवारी ये. बाळाच्या हातून सगळ्यांना द्यायला खडेमीठ लागेल, ते तुझ्याकडचं चांगलं असतं. मूठ उघडी ठेवून आण.

ता. क. आणखी एक, तुझ्यापुरतंच. बाळ शेळीच्या त्या प्रकाराच्या आदल्या दिवशी पहाटेच हसलं होतं, माझ्याकडे बघून. मी कुणाला बोलले नाही. या घराला माझ्यासारखी जीभ एक पुरे. पोरीला एमेटचं ते बसून राहणं लागू दे, असं मला त्या उन्हात वाटलं.

ता. क. व्हर्लिंडाने पेन खाली ठेवलं आहे. म्हणते, “आजी, मी तेव्हा दारातच उभी होते. तू कधी कबूल होतेस तेच बघत होते. आता एमेटला मोकळं कर, जेवण तूच घाल.” माझ्या मेंढ्या लोकर कातरल्यापासून अगदी काठ्या झाल्या आहेत. तुझी ती काळ्या कानाची चांगली भरली आहे. मिठाबरोबर तीही आण. साखरेचं मी जे वर म्हटलं, ते वाचून झालं असेल तर डाव्या कानाने ऐकलं असं समज.